नुसत्या नावांची यादी

भाऊजी, गजानन तीन निघाले.

तुम्ही एकच सांगितला होता. कोणता, ते सांगितलं नव्हतं. कामरगावात नुसतं ‘गजानन’ म्हणणं म्हणजे पाकिटावर नुसतं ‘महाराष्ट्र’ लिहून ते पेटीत टाकणं आहे, असं मी तुम्हाला कितीदा म्हटलं असेल. दर वेळी तुमचं उत्तर एकच, “मले मालूम हाये ना कोनता थो.” तुम्हाला माहीत होतं, कबूल. पण ती यादी तुमच्यासाठी नव्हतीच ना. ती ताईसाठी होती.

मार्गशीर्षात तुम्ही गेलात. आता संक्रांत होऊन गेली आहे. गेलेल्या माणसाविषयी इतक्या लवकर लिहायला बसलं की हात जड होतो म्हणतात. माझा झालेला नाही. जन्म कुठला, शिक्षण किती, वावर किती एकर, हे मी लिहिणार नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मला सांगायचं आहे ते तुमच्यामागे घडलेलं आहे, आणि ते चांगलं आहे. शिवाय आपला एक वाद अर्धा राहिला आहे. वाद अर्धा ठेवून मला चैन पडत नाही, हे तुम्ही जाणता.

मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तुमच्या हृदयाचं पंपिंग किती उरलं ते टक्क्यांत सांगितलं. मी आकड्यातला माणूस. परतीच्या गाडीत मी तो आकडा मनात धरून शंभरातून वजा करत बसलो होतो. तुम्ही माझ्या मांडीवर थाप मारून म्हणालात, “साळभाऊ, आपल्या इहिरीतली मोटर बी एवढंच पानी फेकते. चालून राह्यली ना थे?”

घरी आलो. तुम्ही ओसरीवर आडवे झालात आणि मी मागच्या अंगणात हातपाय धुवायला गेलो. ताई तिथे भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, “दिनू, याइचं काई झालं तं मले अथून नेऊ नका.”

बस, एवढंच. बहीण माझ्यापेक्षा मोठी. उभ्या आयुष्यात तिनं माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. आणि मागितलं तर हे. तिला कामरगावातच राहायचं होतं, त्याच घरात, तेच वावर करत. मला ते शक्य दिसत नव्हतं. संत्र्याची बाग, हरभरा, गहू, मोटर, मजूर, गावातलं येणंजाणं, सगळं तुमच्या डोक्यात. ताईला स्वयंपाकघराच्या आणि गोठ्याच्या पलीकडचं कुणी विचारलेलं नव्हतं. तुम्ही गेलात की अमोल तिला पुण्याला नेणार, पाचव्या मजल्यावर, आणि वावर बटईनं, म्हणजे वाट्यानं, दुसऱ्याकडे जाणार, हे उघड होतं. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. मुलगा आईला नेणारच.

म्हणून मी तुमच्याशी सरळ बोललो. “भाऊजी, कोनतं काम कुठी अडकलं, हे ताईले मालूम हाये का?”

“तिले काय करायचं?” तुम्ही म्हणालात. मग उशाखालचा फोन काढून माझ्या हातात दिलात. “टाक बाप्पा, काय टाकायचं थे.”

मी टाकलं. वाशीमच्या मालेगावात कृषी केंद्राचा हिशेब लिहितो मी. दिवसभर शंभर बारीक कामं. ती डोक्यात ठेवली की रात्री झोप येत नाही, म्हणून काही वर्षांपासून फोनमध्ये ठेवतो. साधी पद्धत आहे. कामांच्या यादीचं एक फुकटचं ॲप, त्यात तीन याद्या: आज, या आठवड्यात, कधीतरी. एका ओळीत एकच काम, आणि काय करायचं ते ओळीत स्पष्ट हवं. ‘आज’मध्ये पाचाच्या वर ओळी नाहीत. झालं की टिक करायची, ओळ खाली जाते. रविवारी चहाबरोबर तिन्ही याद्या वाचायच्या आणि इकडचं तिकडे हलवायचं. याच्या पलीकडे त्यात काही नाही. तुमचा, ताईचा आणि माझा, असे तीन फोन मी एकाच यादीला जोडून दिले. एकानं लिहिलं की तिघांना दिसेल. तुम्ही एका बोटानं टाइप करायला शिकलात. मी समाधानानं एसटीत बसलो.

आठ-दहा दिवसांनी यादी उघडली. चाळीसेक ओळी. त्यांत काय करायचं ते लिहिलेल्या ओळी दोन. त्यांतली एक मीच टाकलेली. बाकी सगळी नावं. सुभाष. मिस्त्री. सरूबाई. जाधव सर. परत सुभाष.

मी लगेच फोन लावला.

“भाऊजी, हे काय लिवलं? या लोकायचं करायचं काय?”

“भेटायचं.”

“कायले?”

“भेटल्यावर समजते.”

“अन् नाई समजलं तं?”

“तं त्याले समजते. थो सांगते ना, वसंतभाऊ, तुमचं असं असं होतं म्हनून.”

“तुमचं काम तुमाले याद नाई, अन् दुसऱ्याले याद राहीन?”

“अर्ध मले, अर्ध त्याले. पुरं कायले उचलू एकट्यानं?” आणि मग आतल्या बाजूला ओरडून, “ओ, आयकलं का? तुह्या भावाचं डोकसं तापलं. त्याले थंड पानी पाठव मालेगावले.”

ताईचं हसणं मला फोनमधून ऐकू आलं. तेव्हा मी चिडलो होतो. आता ते हसणं आठवलं की बरं वाटतं.

दुसरा वाद टिकेवरून. माझ्या मते टिक म्हणजे काम पूर्ण. तुमच्या मते टिक म्हणजे सांगून झालं. मिस्त्रीच्या नावापुढे टिक आणि गोठ्याच्या छपराचा पत्रा तसाच निघालेला, हे मी स्वतः येऊन पाहिलं. तुम्हाला दाखवलं. तुम्ही पत्र्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत.

“सांगतलं ना त्याले. माहं काम झालं. आता थे त्याचं काम.”

“अन् त्यानं नाई केलं तं?”

“तं त्याचं नाव परत लिवतो. तू दुकानात पोते मोजून घेतं, बराबर हाये. मानसं बी मोजून घेतं का?”

मी हरलो असं मी मानलं नाही. मी माझ्या पद्धतीनं गेलो. दर रविवारी ताईला विचारून, तुम्ही टिक केलेल्यातली किती कामं खरंच झाली, ते मी मांडत गेलो. पंधरा दिवसांच्या आत चारांतली तीन होत होती. पाऊस पडायच्या आत पत्राही बसला. मग सहज माझ्या स्वतःच्या यादीचा तोच हिशेब काढला. तो आकडा तुम्हाला कधी सांगितला नाही. आता सांगतो: तुमच्यापेक्षा खाली होता.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवी होती. ‘आज, आठवडा, कधीतरी’ ही माझी नावं तुम्ही महिन्याभरात पुसून टाकलीत. “आज कोन भेटन हे मले काय मालूम?” तुम्ही याद्यांना नवी नावं दिलीत: स्टॅन्ड, वावर, कारंजा. सकाळी स्टॅन्डवर चहाला गेलं की पहिली उघडायची, तिथे जो दिसेल त्याच्याशी बोलायचं. वावराच्या वाटेनं निघालं की दुसरी. जीपनं कारंज्याला गेलं की तिसरी. मी त्यावर नाक मुरडलं. मग गुपचूप माझ्या फोनमध्ये ‘दुकान, घर, वाशीम’ अशा याद्या केल्या. भाऊजी, तेव्हापासून वाशीमला जाऊन एक काम विसरून परत आलो, असं एकदाही झालं नाही. दुकानातल्या दोघांनी ही पद्धत माझ्याकडून घेतली. ते तिला ‘साहेबांची पद्धत’ म्हणतात. मी दुरुस्त करतो, पण त्यांना कोण भाऊजी ते माहीत नाही.

दिवाळीनंतर तुमचं स्टॅन्डवर जाणं बंद झालं. मग स्टॅन्डच घरी यायला लागला. ओसरीवर दोन खुर्च्या कायमच्या. तुम्हाला एक वाक्य पुरं करायला दोन श्वास लागत, आणि तरी आलेल्या प्रत्येकाला तुम्ही कसल्या तरी कामाचं बोलत होतात. मी एकदा म्हटलं, आराम करा. तुम्ही म्हणालात, “आराम करूनच थकलो बुवा.” पाय सुजलेले, झोपायचं तर बसूनच. शेवटच्या आठवड्यात तुमची मान भिंतीला टेकलेली पाहिली तेव्हा माझ्या मनात आलं, की हे संपावं. ते संपलं, आणि तुमच्या चेहऱ्यावरचा तो ओढलेपणा गेला. मला रडू आलं, पण त्याआधी छाती मोकळी झाली. हे लिहायला मला संकोच वाटत नाही. तुम्हालाही वाटला नसता.

शेवटी टाइप करणं ताईकडे आलं होतं. तुम्ही नाव सांगायचं, तिनं टाकायचं. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, “लिव, गजानन.” ती म्हणाली, “कोनता?” तुम्ही हात वर केलात, म्हणजे थांब, दम घेऊन सांगतो. दम काही आला नाही.

तेरवीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर सगळे ओसरीवर बसले. तुमचा पुतण्या प्रल्हाद चांगला पोरगा आहे. त्यानं विषय काढला तो नम्रपणेच काढला. “काकू, तुमी कायले तकलीफ घेता? मी करतो वावर बटईनं. घरचंच हाये.”

अमोल म्हणाला, “आई, चाल ना पुण्याले. इथं एकटी काय करशीन?”

ताई पदराशी खेळत होती. म्हणाली, “संक्रांत होऊ द्या. मंग सांगतो.”

“पन काकू, संत्र्याचा ताण तोडाचा टाइम बी संक्रांतीलेच येते,” प्रल्हाद म्हणाला. “उशीर झाला तं फूट गेली.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रल्हादचं म्हणणं बरोबर होतं. बागेचं पाणी महिना-दीड महिना बंद ठेवून झाडांना ताण दिलेला. पहिलं पाणी वेळेवर पडलं तरच फूल धरणार, आणि ते पाणी कधी, किती सोडायचं हे ठरवणारे तुम्ही नव्हतात. मी ताईची बाजू घ्यायला हवी होती, आणि माझ्या फोनमध्ये चाळीस नावं होती, काम एकही नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा मीही मनातून पुण्याकडेच झुकलो होतो. एवढंच म्हणालो, “ताई म्हनते तं संक्रांतीपावतर थांबू.”

पाहुणे गेले, अमोलही सुट्टी संपली म्हणून गेला. मी दोन दिवस राहिलो. सकाळी ताईला म्हटलं, आपण एकेकाला विचारू, तुमचं नि भाऊजींचं काय होतं म्हणून. ते सांगतील ते काम मी नावापुढे लिहीन. यादी पुरी झाली की कळेल तुला झेपते की नाही.

“पयले गजानन,” ताई म्हणाली.

पहिला गजानन वायरमन. फोन करताच आला, चप्पल काढून ओसरीच्या कडेला बसला. मग म्हणाला, “वयनी, वसंतभाऊनं सांगतलं होतं. इहिरीवरची स्टार्टरची पेटी खाली घेजो म्हने.”

“खाली? काहून?” मी विचारलं.

“थे भाऊच्या हातानं लावली होती ना. भाऊ केवढे उंच. वयनीचा हात नाई पुरत तथी.” तो जमिनीकडे पाहून बोलत होता. “म्हने, तिच्या खांद्याले यीन अशी लाव.”

ताई उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. चहा टाकत होती असं आपण म्हणू.

दुसरा गजानन तुमच्या बांधाला, धुऱ्याला लागून ज्याचं वावर आहे तो. तो स्वतःच आला, वायरमन गजाननानं त्याला वाटेत सांगितलं होतं म्हणून. “माहं नाव असंन थे,” तो म्हणाला. “ताण तोडाचं मले सांगून ठुलं होतं. पयलं पानी मी सोडतो, वयनी संगं उभी राहीन. दुसरं वयनी सोडन, मी धुऱ्यावर उभा राहीन. तिसऱ्याले मी येत नाई, असं ठरलं आमचं.”

“तुमचं ठरलं अन् मले कोनी इचारलं?” ताई म्हणाली. आवाज रागाचा होता, पण चेहरा तेवढा रागाचा नव्हता.

“भाऊ म्हने, इचारलं तं नाई म्हनन. सांगू नको, नुसती हाक मार.”

तिसरा गजानन जीपवाला, कामरगाव-कारंजा. आम्ही त्याला स्टॅन्डवर गाठलं. तो विचारात पडला. बोनेटला टेकून त्यानं डोकं खाजवलं. “मले तं काईच नाई सांगतलं, काकू. आईशपत. पाह्यजा, दुसरा गजानन असंन.” आम्ही वळलो तेवढ्यात त्यानं हाक मारली. “काकू, तुमाले मागं बसलं की मळमळते ना? बाजाराच्या दिवशी पुढची सीट ठेवत जाईन मी तुमची. भाऊनं नाई सांगतलं तं काय झालं.”

तर असे तीन. तुमचा कोणता होता ते मला अजून कळलेलं नाही. ताई म्हणते, काय फरक पडते.

मग आम्ही उरलेली नावं घेतली. इथे माझा हिशेब चुकला, भाऊजी, आणि चुकला याचा मला आनंद आहे. मी धरून चाललो होतो, की ही सगळी माणसं तुमची कामं करणारी. सुभाषला विचारलं, तर तो म्हणाला, माझं काही नाही, वसंतभाऊच माझ्यासोबत तहसीलला येणार होते. मला एकट्याला तिथे बोलता येत नाही. जाधव सरांना तुमच्या बागेतली दोन कलमं हवी होती, शाळेसाठी. आणि सरूबाई, तुमच्या वावरात निंदणीला, तण काढायला येणारी. तिनं ताईचा हात धरला तो सोडेचना.

“वयनी, पोरीच्या सोयरिकीची बोलनी हाये. भाऊ बसनार होते आमच्या बाजूनं. आता आमच्याकडून कोन बोलन?”

“प्रल्हादले सांगतो,” ताई म्हणाली.

“प्रल्हादले काय समजते पोरीचं? तुमी या.”

“मी?”

“मंग कोन?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मोजलं. चाळीसांपैकी बावीस नावं तुमची कामं करणाऱ्यांची नव्हती. ज्यांची कामं तुम्ही करायची होती, त्यांची होती. माझ्या यादीत असं एक नाव नाही. त्यात सगळी माझीच कामं असतात: माझं बिल, माझं गॅस-सिलिंडर, माझ्या मुलीची फी. मी ती शिस्तीनं करतो, आणि त्याची मला लाज नाही. पण ‘नुसतं नाव लिहून काय होणार’ हा जो माझा प्रश्न होता, त्याचं उत्तर मला बावीस घरी चहा पिऊन मिळालं. तुम्ही उत्तर दिलं असतं तर मी मानलं नसतं.

मी प्रत्येक नावापुढे काम लिहिलं, तारखा टाकल्या, आठवण करून देणारी घंटीही लावली. व्यवस्थित झाली यादी. मालेगावला परतलो. आठवड्यानं उघडून पाहिली तर माझी सगळी अक्षरं गायब. परत नुसती नावं. आणि खाली चार नवी.

फोन केला. “ताई, थे कामं कायले पुसले?”

“घंटी वाजे सारखी. म्हशी बुजतात.” मग म्हणाली, “अन् दिनू, काम रोज बदलते. मानूस तं तोच राह्यते ना. मले नाव वाचलं की समजते.”

तुमच्याशी वीस मिनिटं भांडलो असतो. तिच्याशी एक मिनिटही भांडलो नाही, कारण तिच्या आवाजात मला बऱ्याच दिवसांनी तिचा स्वतःचा आवाज ऐकू आला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी कामरगावला गेलो. प्रल्हादला उत्तर द्यायचा तो दिवस. तो आला, तिळगूळ घेतला, ओसरीवर बसला. ताईनं त्याला फार वाट पाहायला लावली नाही.

“प्रल्हाद, औंदा मीच करतो वावर. पुढच्या साली नाई झेपलं तं पयले तुलेच सांगीन.”

“काकू, एकटीनं कसं होईन?”

“एकटी कुठी हाओ? सरूच्या पोरीच्या सोयरिकीची बोलनी हाये, सुभाषसंगं तहसीलले जायचं हाये. पुण्याले गेल्यावर इथच्या लोकायचे कामं कोन करन?”

प्रल्हाद हसला. “काकू, लोकायच्या कामासाठी राह्यता तुमी? अन् आपलं काम?”

“आपलं लोकं करतात,” ताई म्हणाली. तिला ही गोष्ट इतकी साधी वाटत होती की ती समजावून सांगायचंही तिच्या मनात आलं नाही. प्रल्हादनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मला समजावता आलं नसतं; मला तर ते नुकतंच कळलं होतं. अमोलला फोन तिनं स्वतःच केला. तो दोन मिनिटं बोलला, ती अर्धं मिनिट. शेवटी त्यालाच हसू आलं. उन्हाळ्यात महिनाभर पुण्याला येईन, एवढं तिनं कबूल केलं.

त्या दिवशी दुपारी लाईट येणार होती. धुऱ्याचा गजानन सांगून गेला, की पहिलं पाणी आजच सोडायचं. ताईनं जेवण उरकलं, डोक्याला रुमाल बांधला, जुनी चप्पल घातली. मीही उठलो.

“तू कायले येतं?”

“पाह्यतो ना. आळ्यायत पानी बराबर चढते का, मोटर गरम होते का, पेटी कशी लावली...”

“गजानन हाये. मी हाओ. तुही गाडी जाईन, जाय.” आणि ती गेली. अंगणाचं फाटक तिनं ओढून घेतलं, म्हणजे मी मागे येऊ नये असंच.

तुमच्या ओसरीवर मी एकटा उभा होतो. स्टॅन्ड डावीकडे, वावर उजवीकडे. मी पायांना सांगितलं आणि डावीकडे निघालो. माझ्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं, हे फक्त तुम्हालाच कळेल. तुम्ही असता तर त्यावरून मला वर्षभर चिडवलं असतंत.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही, ती आता सांगतो. दर रविवारी सकाळी मी तुम्हाला फोन करायचो तो आठवण आली म्हणून नाही. ‘भाऊजींना फोन’ अशी ओळ माझ्या यादीत होती, दर आठवड्याला आपोआप येणारी. तुम्हाला कळलं तर वाटेल, हा मला गॅस-सिलिंडरच्या रांगेत बसवतो, म्हणून लपवलं. तुम्ही गेल्यावर त्या रविवारी ती ओळ आली तेव्हा ती पुसावी की ठेवावी हे मला कळेना. शेवटी ‘भाऊजींना फोन’मधलं ‘फोन’ पुसलं, ‘भाऊजींना’ पुसलं आणि तिथे ‘ताई’ लिहिलं. नुसतं ‘ताई’. पुढे काही नाही.

काल रविवार होता. फोन लावला. ताईनं सरूच्या पोरीकडचं सगळं सांगितलं: मुलाकडचे किती जण आले, कोण काय बोललं, हिनं काय उत्तर दिलं, मुलाच्या आत्याला हिचं बोलणं झोंबलं ते, आणि तरी जमल्यातच जमा आहे ते. तहसीलमध्ये सुभाष बोलला नाही, हीच बोलली. जाधव सर कलमं घेऊन गेले, एक उंदरांनी कुरतडलेलं निघालं म्हणून दुसरं द्यायचं आहे. मध्येच कुणीतरी फाटकातून हाक मारली, तिनं “आली, आली” म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

ठेवल्यावर लक्षात आलं, की बागेला पाणी बसलं का, हे विचारायचं राहूनच गेलं.

मी परत फोन लावला नाही, भाऊजी. टिक केली आणि चहा प्यायला बसलो.